जिगसॉला दम लागतो

कोपरखैरण्यातल्या आमच्या सिडकोच्या घराची
मागची गॅलरी पावणेचार फूट रुंद.
तेच माझं वर्कशॉप: एक फळी, दोन शिकंजे,
आणि पहिल्या पेन्शनमधून घेतलेली
हिरवी जिगसॉ.

आज म्हसकर वहिनींच्या चपलांच्या रॅकवर
ती अर्ध्या कापातच थांबली.
आधी आवाज घोगरा झाला,
मग दूध लागल्यासारखा वास,
मग काहीच नाही.

तुर्भ्याचा दिलावर फोनवर म्हणाला,
‘मेली नाही मॅडम, भुसा खाल्लाय तिनं.
उघडा, कार्बन बघा.
आणि तोंडानं फुंकू नका, डोळ्यात जाईल.’
मी फुंकलं.
डोळ्यात गेलं.

सात स्क्रू. चटणीच्या वाटीत ठेवले.
आत हवेसाठी कापलेल्या फटी
एकूण एक बुजलेल्या.
खाडीची ओल पिऊन भुशाचा लगदा झालेला,
हाताला थालिपीठाच्या पिठासारखा.
वरचा थर एमडीएफचा, पिवळट, मैद्याइतका बारीक.
त्याखाली साग, अजून तेलकट वासाचा.
अगदी तळाशी आंब्याची फळी:
माझं पहिलं स्टूल, जे आजही डुगडुगतं
आणि ज्यावर घरात कुणी बसत नाही.

जुना टूथब्रश घेतला. गोधडीची सुई.
कोपऱ्यात काही पोचेना, तेव्हा
शेजारच्या अद्वैतचा सायकलचा पंप मागून आणला.
दांडा वर ओढला
आणि तोंडातून आपसूक निघालं,
‘श्वास घ्या.
धरून ठेवा.
सोडा.’

एकतीस वर्षं काचेआडून हेच म्हणत होते मी,
महापालिकेच्या दवाखान्यात,
एक्स-रेच्या खोलीत.

दगडखाणीतला यल्लप्पा तीनदा आला होता.
शर्ट काढून नीट चौघडी करायचा,
वर बिडीचं बंडल ठेवायचा,
मग थंडगार पत्र्याला छाती टेकवून उभा राहायचा.
तिसऱ्या खेपेला ‘धरून ठेवा’ म्हटलं
तर त्याला धरता येईना.
फिल्म हलली.
दुसरी काढली, तीही हलली.
पहिल्या खेपेच्या फिल्मवर रांगोळीचे ठिपके होते, मोजता येतील असे.
आता कुणीतरी डबाच उपडा केला होता.
उजेडाच्या पेटीपुढे माझ्या शेजारी उभं राहून
बघत राहिला तो बराच वेळ,
आपलंच घर दुरून ओळखू यावं तसा.
मग म्हणाला,
‘बाई, हे आतनं झाडता येत न्हाय व्हय?’
मी म्हटलं, डॉक्टर सांगतील.
पुढचा नंबर पुकारला.

कार्बन बाहेर काढला. अजून अर्धा शिल्लक होता.
पॉलिश पेपरवर दोनदा ओढला,
स्प्रिंग दाबून परत बसवला.
वर्तमानपत्रावर भुसा जमला
चहाचा कप भरेल एवढा.
तो तुळशीत टाकू नका, वहिनी वरून ओरडल्या, मुंग्या होतात.
आणि माझ्या दोरीवरचे टॉवेल झटकून द्या.

झटकून दिले.
व्हॅक्यूमचा पाइप जिगसॉच्या मागच्या तोंडाला
सायकलच्या ट्यूबच्या तुकड्यानं बांधला.
मास्कची पट्टी नाकावर दाबून बसवली,
नखाचा वळ उठेपर्यंत.
खटका ओढला.

चालली.
पेन्सिलीची रेघ धरून
राहिलेला काप कापत गेली,
आणि फळीच्या टोकाला, वाटीत,
सातवा स्क्रू
खुळखुळत होता.