बनातीचं दार

दर शनिवारी अकराला मी हे घर दाखवते.
ओले बूट दाराशीच काढायला लावते.
फरशी भाजक्या मातीची, सहा रंगांची,
तिच्यावर गिरणीतलं कुणी कधी बूट घालून आलं नाही,
म्हणजे कुणी आलंच नाही.

ओबडाया एन्टविसल यांनी टेकडी निवडली
ती वारा बघून. धूर खाली थॉर्नक्लफवर जातो, इथे नाही.
गिरणीकडे तोंड असलेली खिडकी एकच, जिन्याच्या वळणावर,
आणि तिला काच पिवळी:
तिच्यातून चिमणीचा धूर उन्हासारखा दिसायचा.

आता वर बघा, मी म्हणते.
छताच्या कडेने कापसाची बोंडं, प्लास्टरमधली,
एकशे बारा. मोजलीत मी,
पाऊस लागलेल्या एका शनिवारी, कुणी फिरकलं नाही तेव्हा.
करणारा एनॉस डकवर्थ. त्याने कापूस पाहिला होता
तो गाठींत आवळलेला. झाडावरचा कधीच नाही.
मालकांनीही नाही.
मग त्याने बायकोच्या स्वयंपाकातला फ्लॉवर उचलला,
समोर ठेवला आणि घडवत गेला.
मँचेस्टरचे व्यापारी मान मागे टाकून म्हणत,
वा, हुबेहूब!
लहान मुलं मात्र लगेच ओळखतात.

मग जेवणघर.
इथे माझा आवाज आपोआप उतरतो.
मालकांच्या कानांत दिवसभर आठशे माग,
तेव्हा घराने तरी तोंड मिटावं, असा हुकूम होता.
भिंती दुहेरी, मधे भुसा.
आणि हे दार: दोन्ही अंगांनी हिरवी बनात, पितळी खिळे;
लोटलं की उसासा टाकून मिटतं.
बशा रिकाम्या झालेल्या कळाव्यात
म्हणून त्यात तळहाताएवढी काच.
मालक दाराकडे पाठ करून बसत, नोकर दिसू नयेत.
समोर, शेकोटीवर, लव्हिनियाबाईंचा व्हेनिसचा आरसा,
जरा पुढे कललेला.
मेणबत्त्या दुप्पट दिसाव्यात, ही त्यांची हौस.

इथवर सांगते. पुढचं फलकावर नाही.

जनगणनेच्या वहीत आहे
केझाया हॅलिवेल, वय तेवीस, वाढपी,
आणि बारीक अक्षरात: आधी विणकर.
नऊ वर्षं मागावर. तिथे कान असून नसल्यासारखे;
बाया ओठांवरून बोलतात,
या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत,
पावाचा भाव, कुणाची किती महिने गेली, मुकादमाला शिव्या,
सगळं बिनआवाजी.

मार्चमधली रात्र. मेंढीची मांडी झाली, वाइन फिरली.
पाच मालक, चार दाढ्या.
दाढीतून वाचणं कठीण जातं.
पण एन्टविसल रोज सकाळी गुळगुळीत घोटून घेत,
त्याचा त्यांना अभिमान.
आरशात ते ओठ:
शंभराला दहा. सोमवारपासून.
आधी कुणाला पत्ता लागता कामा नये.
केझायाने आत येऊन बशा उचलल्या.
पुडिंग वाढलं. थोडं जास्तच वाढलं असावं, असं मला वाटतं.

सोमवारी पहाटे फाटक उघडलं
तेव्हा धुक्यात सगळ्याजणी उभ्या, डोक्यावरून शाली,
आणि आत एकही नाही.
सात आठवडे. शेवटी दहाचे पाच झाले.
जिंकल्या म्हणा. त्या हिवाळ्यात
कुणाच्या घरी कुणी तसं म्हटलं असेल, खात्री नाही.

बाकी बिलांवरून कळतं, माझ्याकडे प्रती आहेत.
बोलायची नळी बुजवली, अकरा शिलिंग.
भिंत फोडून पाहिली, पुन्हा बांधली, भुसा नवा.
बनातीचा आणखी एक थर, दोन पौंड चार.
बटलर ग्रिमशॉ, वीस वर्षांची नोकरी,
हिशेब चुकता, शिफारसपत्र नाही.
(त्याचं मला वाईट वाटतं. त्याने काही ऐकलंच नव्हतं.)
आरसा पुसायला स्पिरिट, नऊ पेन्स,
दर महिन्याला, पुढची सहा वर्षं.
घेणाऱ्याची सही: के. हॅलिवेल.

चला, वरचा मजला.
कठडा धरा, पायऱ्या झिजल्यात.