अकरा एमबी

तांडापेठेत, मागच्या खोलीत, कूलरच्या घरघरीत
मी किमतीच्या रिकाम्या चौकटीसमोर बसले आहे.
पुस्तक झालं. मागाचे चारशे बारा शब्द,
आणि सत्तावीस फोटो :
काठ, पदर, धोटा धरलेले बाबांचे हात.

स्क्रीन विचारते, पस्तीस टक्के की सत्तर?
कोणीही सत्तरच म्हणेल.
मीही म्हणाले.
मग खालची बारीक अक्षरं दिसली,
शेठच्या पावतीवर असायची तेवढीच बारीक :
सत्तर हवे तर किंमत नव्याण्णवच्या खाली नको,
शिवाय पोचवणावळ
दर एमबीमागे सात रुपये, लेखकाच्या वाट्यातून.

माझं पुस्तक अकरा एमबीचं.

"म्हंजे वजन धरते?" खाटेवरून बाबा.
"कागद नाही, शाई नाही, मंग वजन कायचं?"
फोटोंचं, बाबा.
ते हसले.

वजन त्यांना ठाऊक आहे.
गांधीबागेतून सूत तोलून आणायचं,
लुगडं तोलून द्यायचं,
मधली तूट मजुरीतून.
पावसाळ्यात सूत ओलं, जड मिळायचं,
लुगडं वाळून हलकं भरायचं.
हवेतल्या ओलाव्याचे पैसे
आम्ही कितीतरी वर्षं भरले.

मी हिशेब मांडला.
एकशे एकोणपन्नास, वजा सत्याहत्तर,
उरल्याचे सत्तर टक्के : पन्नास रुपये चाळीस पैसे.
नुसते पस्तीस टक्के : बावन्न रुपये पंधरा पैसे.
पुन्हा मांडला. पुन्हा तेच.
सत्तर हे पस्तीसहून पावणेदोन रुपयांनी कमी.
शाळेत असं उत्तर आणलं असतं तर
हातावर पट्टी बसली असती.

फोटो काढले तर पुस्तक एक एमबीचं,
आणि हाती नव्याण्णव रुपये चाळीस.
म्हणजे बाबांचे हात मला
प्रतीमागे सत्तेचाळीस रुपये पंचवीस पैशांना पडतात.

करवती काठाचा फोटो काढला. परत ठेवला.
अंगठ्याजवळच्या घट्ट्याचा, शेजारच्या चिन्मय हेडाऊनं घेतलेला,
जरा हललेला. हा जाऊ दे, वाटलं.
मग शब्द क्रमांक दोनशे सहा वाचला.
त्याचा अर्थ मी तीनदा लिहून पाहिला होता,
तिन्हीदा शेवटी लिहावं लागलं : फोटो पाहा.

पस्तीसवर खूण केली.

"इकतं कितीले?"
एकशे एकोणपन्नास.
"एक्कावन कर. शकुनाचं."
केलं. पिवळी पट्टी उमटली :
कमी किमतीत जास्त प्रती खपतात असा आमचा अंदाज आहे.
शेठचाही असायचा. पट्टी मिटवली.

"अन् पैसे कधी भेटते?"
महिना संपला की तिथून साठ दिवसांनी.
बाबा बराच वेळ बोलले नाहीत.
कूलरमधलं पाणी संपत आलं होतं, मोटर कोरडी घासत होती.
"शेठ शनवारी देत होता," म्हणाले.

मी प्रकाशित करा दाबलं.
तेव्हा त्यांनी चष्मा मागितला,
लॅपटॉप पोटावर घेतला,
एक एक पान बोटानं सरकवत गेले, सूत तपासावं तसे,
आणि एकोणिसाव्या फोटोवर थांबले.
"हा काठ उलटा लावला वं पोरी."

खरंच उलटा होता.
फोटो फिरवला, फाइल पुन्हा चढवली.
वजन तेवढंच भरलं.