जमिनीला घसारा नसतो

शनिवारी बेलापूरला, बँकेच्या वरच्या मजल्यावर,
एसी इतका, की ओढणी दुहेरी घ्यावी लागते.
बेहेरे सर फळ्यावर लिहितात:
इमारतीला घसारा असतो, जमिनीला नसतो.
आम्ही बावीस जण उतरवून घेतो.

सोमवार ते शुक्रवार मी उलव्यात
सॅम्पल फ्लॅटमध्ये उभी असते, चपला बाहेर काढून.
हा ओटा, ही ड्राय बाल्कनी,
या खिडकीतून, मॅडम, विमानं दिसतील.
दोन फ्लॅट विकले गेले की एका सेमिस्टरची फी सुटते.
चार सेमिस्टर, आठ फ्लॅट.
आमच्या टॉवरमध्ये मजल्यावर आठच आहेत,
म्हणजे माझं पदव्युत्तर शिक्षण
पार्किंग सोडून एक मजला.

बाकावर शेजारी चिराग गोगरी.
काकांच्या चार साइट चालू, मग तुला डिग्री कशाला रे?
म्हणतो, बायोडेटासाठी. नोकरीच्या नाही, लग्नाच्या.
पलीकडे शबाना काझी, गृहकर्ज विभाग,
सातबारा अशी वाचते
की खोडलेल्या नावालाही घाम फुटावा.

या वेळी गटाला मूल्यांकनाला प्लॉट आला
तो आमच्या सेक्टरमधला.
मूळ सर्व्हे नंबर कागदावर बारीक अक्षरात होता.
मला बघावा लागला नाही.
आमच्या घरी तो देवाच्या फळीखालच्या खणात
लॅमिनेट करून ठेवलाय, लाइटबिलांच्या वर.

तुलनेसाठी तीन व्यवहार हवे असतात.
पहिला मागच्या वर्षीचा, तिसरा कोपऱ्यावरचा.
दुसरा दोन हजार नऊचा, साडेबारा टक्क्यांतला भूखंड,
विकणार हसुराम धर्मा घरत.
शबाना थांबली. घरत?
मी म्हटलं, हो, पुढे वाच.
काळाचं समायोजन केलं, आजचा दर अकरा पट निघाला.
त्या पैशांची एक बोलेरो आली होती,
दोन लग्नं, आणि घरावर मजला,
ज्याचा जिना अजून बाहेरून आहे.
या सगळ्याला घसारा लागतो.
मी वहीच्या कडेला दर काढून पाहिले, मग खोडले.

रविवारी पाहणी. चिरागने टेप आणली.
दुसरं टोक धरायला कुणीतरी हवं होतं.
बाबा टपरीवरून उठून आले,
कुणी बोलावलं नव्हतं.
टोक हातात घेऊन चालत गेले,
कंपाउंडची भिंत आली तेव्हा थांबले नाहीत,
पडलेल्या विटांवरून पलीकडे उतरले.
अंकल, हद्द इथे आहे, चिराग ओरडला.
बाबांनी मान हलवली.
आजून मागं. उघाडी तटं व्हती.
टेप ताणली गेली, संपली,
त्यांनी ती सोडली नाही.
मुरमाच्या त्या सपाटीवर ते उभे,
एक पाय जरा वर,
जसं चिखलात निवटं बघताना उभं राहतात.

उघाडी म्हणजे? चिरागने विचारलं.
बांधातलं दार, मी सांगितलं.
ओहोटीला उघडायचं, शेतातलं पाणी बाहेर.
भरतीला आपोआप बंद.
त्याने मोबाइलवर लिहून घेतलं. ड्रेनेज, असं.

अहवाल माझ्याकडे आला, कारण माझं मराठी आणि इंग्रजी दोन्ही बरं.
सर्वोत्तम वापर: निवासी, तळमजल्यावर दुकानं.
भराव: सुमारे दीड मीटर.
शेवटी एक पान असतं, गृहीतके आणि मर्यादा.
तिथे सगळे तेच लिहितात:
मालकी निर्वेध असल्याचे गृहीत धरले आहे.
मीही लिहिलं. मग रात्री दीडला एक ओळ वाढवली:
भरतीची वेळ विचारात घेतलेली नाही.

सरांनी लाल पेनाने गोल केला.
स्रोत?

मार्क चांगले आहेत, बहात्तर.
दुरुस्तीला बुधवारपर्यंत मुदत दिलीय.
बुधवारी सॅम्पल फ्लॅट बघायला तीन कुटुंबं येणार आहेत.
मी अजून स्रोताच्या रकान्यात
काहीच लिहिलेलं नाही.
बाबांचं नाव लिहिता येतं.
पत्ता विचारतील.