वाट वाकडी

लेलंडने विचारलं, कुंपणापलीकडून, तेलकट हात पुसत,
“मुद्दाम वाट वाकडी करावी असं आहे का रे तिथे काही?”

खरं सांगू? वाट वाकडी होतच नाही.
इंडियानात वाटांना वाकडं होणं जमत नाही.
मक्याच्या दोन भिंतींमधून
कुणी पट्टी धरून ओढलेली
एकशे बारा मैलांची रेघ.
मध्ये एक पाण्याची टाकी, तिच्यावर गावाचं नाव,
गाव त्या नावाहून लहान.
मग डावीकडे वळायचं. एकदाच.

दुकान साडेसहा एकर.
दारात फायबरचा जिराफ,
त्याच्या जबड्यात चिमणीचं घरटं.
तेवढं एक मात्र खरंखुरं.
आत मध चाळीस जातीचे,
काचेमागे मासे, आपल्याकडे बघणारे,
आणि चीजचं एक चाक, शाळेच्या बसला बसेल एवढं.
(तीस वर्षं बस चालवली मी, माप चुकणार नाही.)

आर्डिथ कानांमुळे विमानात बसत नाही.
ती तिथे गल्ल्यांवरच्या पाट्या वाचत हिंडते:
थायलंड, पोर्तुगाल, घाना,
पायात दुखऱ्या गुडघ्याचे बूट.
दर खेपेला एकच वस्तू घ्यायची,
जिचा उपयोग ठाऊक नाही अशी.
आमच्या फडताळात आता सतरा बरण्या आहेत,
आणि त्यांतली एक, कळलं पुढे, केसांना लावायची होती.
सॅलड बरं झालं होतं पण.

तर ते लाल पाकीट.
अक्षरं अशी, जणू काटक्यांची माणसं कवायत करताहेत.
आर्डिथला वाटलं रंगापुरतं असेल.
ईस्टरला चर्चमध्ये उकडलेल्या अंड्यांवर भुरभुरलं,
सढळ हाताने.
पाद्रीबाबांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी,
मागच्या बाकावरच्यांना वाटलं, प्रवचन आज पोचलं.

मग गुडघ्याचं ऑपरेशन झालं,
आणि पट्टी बदलायला अबरेहेत यायला लागली.
अस्मारात जन्मलेली, इथे अकरा हिवाळे काढलेली,
गरजेपुरतं बोलणारी.
एकदा कात्री शोधताना फडताळ उघडलं तिने.
पाकीट हातात घेतलं, कोपरा सोडला, वास घेतला.
आम्ही दोघं थांबून होतो,
काहीतरी होईल म्हणून.
“शिळं झालंय,” म्हणाली,
आणि नळाखाली हात धूत राहिली, जरा जास्तच वेळ.

त्या शनिवारी तिला घेऊन गेलो.
जिराफाकडे ढुंकून पाहिलं नाही तिने.
मसाल्याच्या गल्लीत तीच पाकिटं, ओळीने पन्नास.
एक उचललं, मागचं वाचलं, जागेवर ठेवलं.
“माझी आई याला मसाला म्हणणार नाही.”
अन् घेतलं काय, तर पीचचे बारा डबे,
सेल होता म्हणून,
आपल्याच राज्यात भरलेले.
परतताना मागच्या सीटवर झोपली,
डबे पायाशी खुळखुळत.
पेट्रोलचा हिशेब मी मनात केला आणि सोडून दिला.

पुढे जूनमध्ये, तुला आठवेल,
रात्री तुला शिंकांवर शिंका,
तू म्हणालास, गवताची ॲलर्जी.
गवत नव्हतं ते, लेलंड.
ती आमच्या स्वयंपाकघरात मिरच्या भाजत होती,
कोपऱ्यावरच्या दुकानातल्या, आपल्या नेहमीच्या.
आर्डिथ स्टुलावर बसून मेथीदाणे निवडत होती,
दोघी खोकत होत्या, दोघी हसत होत्या,
आणि अबरेहेत बोलत होती, बोलतच होती,
अर्धं आमच्या भाषेत, अर्धं तिच्या.

तेव्हा उत्तर काय द्यायचं तुला?
तिथून आणावं असं तिथे काही नाही म्हण.
येत्या शनिवारी सकाळी सहाला निघतोय.
अंडी संपलीत.
इथेही मिळतात, माहीत आहे.
अबरेहेतला ड्यूटी आहे, मागची सीट रिकामी.
हात पूस आणि ये.
जिराफाच्या तोंडात पिल्लं झाली का,
ते बघायचं राहिलंय.