तीन नंबर

रिओ सेकोत सकाळी सातला नळ गोठलेला असतो,
पाना बोटांना चिकटतो, सोडताना कातडं मागतो.
मी जुने लोकरी मोजे हातांत घातले, टोकांना भोकं पाडून,
आणि ड्रायव्हरची सीट उपटून खुराड्याशी ठेवली.
दुपारी पाहते तर तिच्यावर अंडं.

सीटच्याच खाली इंजिन. बावीस वर्षं ताता त्याच्यावर बसले,
खाली ला पाझच्या दरीत, पुन्हा वर पठारावर,
दिवसाला सात खेपा,
आणि भेटेल त्याला सांगत राहिले: हे कधी उघडलेलं नाही.
प्रवाशांना सांगितलं. सोयरिकीला आलेल्यांना सांगितलं.
कोपाकाबानाला मिनीबसवर बिअर शिंपडून घेतली
तेव्हा पाद्रीबाबालाही, त्यानं न विचारता.

आता त्यांना वाकवत नाही. आणि मला काही येत नाही.
सेवेरो मामाचं पुस्तक होतं, पोर्तुगीजमधलं,
नेमकं सत्तेचाळिसावं पान कुणी चूल पेटवायला नेलेलं.

अंड्यांच्या ट्रेवर खडूनं आकडे घातले,
आठ व्हॉल्व्ह आठ खळग्यांत उभे केले.
नट हलेना तेव्हा पान्याला पाइप लावून लोंबकळले,
सुटला तेव्हा नटासकट खाली बसले.
हेड उचललं. चार पिस्टनांची काळी टाळकी,
दोन उभी, दोन दबून,
वर्गात बाई अचानक आल्यासारखी.

मग खालून तेलाची परात काढली,
एकेका रॉडची टोपी उतरवली. एक. दोन.
तीन नंबरच्या नटावर छिन्नीचे घाव होते.
जुने, गंजलेले. कुणीतरी घाईत केलेले.
टोपी आणि बेअरिंगच्या वाटीमध्ये
नखाएवढी रुंद पत्र्याची पट्टी,
तिच्यावर निळं अर्धं अक्षर
आणि गाईचा एक कान.

हा डबा मला माहीत होता.
विक्तोर झाला त्या वर्षी घरात डब्याचं दूध यायचं,
रिकामा डबा मी खेळायला मागायची.
आणि आईच्या कात्रीला तेव्हापासून एक दात पडलाय,
दर लोकर कातरणीला ती विचारते, कुणी केलं,
ताता छताकडे बघतात.

तोंडात बॅटरी धरून, रात्री, याच अंगणात.
बेअरिंगचे पैसे कुठे गेले ते मला मोजता येतं,
विक्तोर आता माझ्याहून वीतभर उंच आहे.
आणि सकाळी वीस माणसं दरीत उतरली असतील,
मांडीवर बटाट्याची पोती, कडेवर पोरं,
एका गाईच्या कानावर.
मला राग आला. मग पाय कापले. मग पट्टी पुसून खिशात ठेवली.

रविवारी सोळा जुलैच्या बाजारात दोन्या प्रिमितिव्हानं
घोळदार झग्याच्या खिशातून मायक्रोमीटर काढला,
क्रँकचं माप ऐकलं, माझ्या हातांकडे पाहिलं
आणि चार बोलिव्हियानो कमी घेतले.

जोडायला सतरा दिवस लागले. सुटायला चार लागले होते.
कार्ब्युरेटरला बारीक जेट घातलं,
आमच्याकडची हवा विरळ, पेट्रोल घशात अडकतं.
किल्ली फिरवली आणि त्यानं माझ्यावर जाळ थुंकला.
डिस्ट्रिब्युटर अर्धा फेरा उलटा बसवला होता मी.
डाव्या भुवईचा वास दोन दिवस घरात होता.

तिसऱ्या दिवशी धरलं.
आधी खोकला, मग निळा धूर, मग एकसारखं.

ताता दारात आले, काठीवर,
डोकं एका बाजूला कलतं करून.
आम्ही सगळे आवाज ऐकत होतो,
ते नसलेला आवाज ऐकत होते.

"तीन नंबर ठोकत नाही," म्हणाले.

नंबर त्यांना कुणी सांगितला नव्हता.
माझा हात खिशाकडे गेला, ते त्यांनी पाहिलं.
मी हात पुसायला चिंधी शोधू लागले.
बराच वेळ फक्त इंजिन बोलत राहिलं.

मग ते म्हणाले,
"सीटवरून कोंबडी उठव."