रविवारचं लुगडं

रविवारी मी नऊवारी नेसते.
एरवी गाऊनवर टॉवेल टाकून गोठ्यात जाते,
पण रस्त्यावरच्या पाटीवर लिहिलंय,
‘अस्सल ग्रामीण मुक्काम, जेवणासह’,
आणि पाटी रंगवायला बाराशे गेलेत.

मंगळवेढ्याच्या काळ्या रानात आमच्या चार खोल्या,
पत्र्यावर कडबा, थोडा गारव्यासाठी,
बाकीचा फोटोसाठी.
पलंगावर मोरांच्या सोलापुरी चादरी.
घरात आम्ही त्या वापरत नाही, धुवायला जड.
सात वाजता आगटी पेटते, साडेसातला गजी.
बिरा शेंडगे आणि त्याची माणसं फेटे बांधून येतात.
देवापुढं रात्र रात्र नाचणारे पाय
माझ्या अंगणात वीस मिनिटांत आटोपतात.
ढोल खाली ठेवला की बिरा विचारतो,
वहिनी, चार्जर कुठाय?

पौषात पुण्याच्या दवाखान्यातल्या नर्सांची बस आली.
त्यांच्यात एक सुकुरमोनी, आडनाव तांती,
आसामातली, चहाच्या मळ्यावर जन्मलेली.

पहाटे पाचला बाकीच्या झोपलेल्या,
ही चुलीपाशी येऊन उकिडवी बसली.
मी गाऊनवर. लुगडं दोरीवर.
उठायला लागले तर म्हणाली, राहू द्या,
ते आठ वाजता नेसा.

चहा टाकत होते. डब्यातली पावडर
तिनं चिमटीत घेतली, तळहातावर पसरली,
बोटानं सारली, जसं आपण
तांदळातले खडे बघतो.
म्हणाली, ही चाळणीच्या सगळ्यात खालची.
आमच्या घरात पण हीच.
पान बाहेर जायचं.
मग मीठ मागितलं.
मी साखरेचा डबा पुढं केला,
तिनं मिठाचाच उचलला.

मग सांगत बसली.
साहेबाच्या बंगल्यात पाहुणे उतरायचे, 
न्याहारी करून मळ्यात यायचे, आईची टोपली
आपल्या डोक्यावरनं पाठीला अडकवून घ्यायचे.
आई बाजूला उभी. हस म्हटलं की हसायची.
संध्याकाळी वजनात तेवढी पानं कमी भरायची.
फोटो कुणी पाठवला नाही.

मी काय बोलणार. दूध उतू गेलं.

उजाडल्यावर तिला पाखरं राखायला माळ्यावर नेलं.
गोफण फिरवली, दगड तिच्याच पाठीमागं पडला,
चिमण्यांनी मान वर करून बघितलं नि परत दाणे टिपले.
हसून हसून माळा हलला.
पण खाली उतरून हुरड्याची कणसं मोडायला लागली
तेव्हा तिचे दोन्ही हात आपापले चालायला लागले,
ही बोलतेय माझ्याशी, नजर माझ्या तोंडावर,
आणि बोटांना माहीत, कुठलं कोवळं,
कुठलं अजून आठ दिवस राहू द्यायचं.
ज्वारी तिनं जन्मात पहिल्यांदा पाहिली होती.

आठला मी लुगडं नेसले.
बसमध्ये चढताना तिनं माझा फोटो मागितला नाही.
दोन मुठी हुरडा ओढणीत बांधून नेला.

पुढच्या रविवारी बुकिंग रद्द झालं.
बिराला फोन लागेना, तो आला फेटा काखेत घेऊन.
म्हटलं, आज कुणी नाही.
अर्धे तरी? त्यानं विचारलं.
अर्धे दिले. लाईट गेलेली,
चार्जरचा उपयोग नव्हता, म्हणून बसला.
चहा प्याला, दुसरा मागितला.
माझ्यात मी मीठ घालून बघितलं,
निम्मा तुळशीत ओतला, निम्मा प्याले.

अंधारात माझ्या धाकट्यानं विचारलं,
बिरूकाका, जत्रेत तुमी येगळंच नाचता ना?
ते हितं बसत नाही, बिरा म्हणाला,
त्याला रात्र लागते.
तरी उठला. चपला काढल्या.
ढोल नव्हता, मी पातेलं दिलं,
पोरानं जमेल तसं वाजवलं.
किती वेळ झाला कुणी बघितलं नाही.
मी गाऊनवरच होते.