शेगडीचं तोंड

कुताईसीत, रिओनी नदीच्या अंगाला,
बंद पडलेल्या रेशीम गिरणीच्या दुसऱ्या मजल्यावर
पटकथा लिहायला शिकवतात.
सहा आठवडे, शनिवार-रविवार.
शेगडीची ऊब खोलीत, त्यांना.
शेगडीचं तोंड बाहेर व्हरांड्यात,
तिथे मी.

मी त्सियाला. गिरणी चालायची तेव्हा
याच खोलीत कढत पाण्यात कोष ढवळायचे,
भाजल्या बोटांनी तंतूचं टोक शोधायचे.
टोक लागलं की कोष आपला आपण गरगरत राहायचा
आणि एवढ्याशा बोंडातून निघत जायचं, निघत जायचं…
हे आत जाऊन सांगावंसं वाटतं कधी कधी.
पण मला कोणी विचारलेलं नाही.

तिबिलिसीहून जुंबेरमास्तर येतात.
दाराच्या फटीतून त्यांचा आवाज येतो, मग खोकला, मग पुन्हा आवाज:
"'तिला वाटलं' असं लिहू नका.
कॅमेऱ्याला वाटणं दिसत नाही.
तिला काय हवंय? आडवं कोण येतंय?
तिसऱ्या पानापर्यंत कळू द्या, नाहीतर घरी जा."
घरी कोणी जात नाही.
घरी खोलीपेक्षा जास्त थंडी आहे.

अँब्युलन्सचे फोन घेणारी नातेला आहे;
तिच्या कथेत एकही माणूस बोलत नाही.
दातांचे एक डॉक्टर आहेत, ते प्रत्येक प्रसंगात कोणाला तरी मारतात.
आणि गोचा, एकोणीस वर्षांचा,
संत्र्यांच्या वखारीतून थेट येतो, हातांना साल सोलल्याचा वास.

मास्तरांनी काट मारलेली पानं संध्याकाळी माझ्याकडे येतात.
जाळायला.
मी आधी वाचते.
आमची अक्षरं द्राक्षवेलीच्या तणाव्यांसारखी, गोल,
लवकर पेट घेत नाहीत,
तेवढा वेळ मिळतो.

चौथ्या रविवारी गोचाचं पान आलं.
आई इटलीत, कोणाच्या तरी म्हाताऱ्याला सांभाळते.
मुलगा फोनवर सांगतो, "घर छान गरम आहे गं."
बोलताना त्याच्या तोंडून वाफ निघते.
वर मास्तरांची लाल शाई:
'फोन! दर दुसऱ्या पटकथेत फोन. काढ.'

माझी एका बारीत असते. बारी म्हणजे इटलीतलं बंदर,
नकाशात बुटाच्या टाचेपाशी.
नातू माझ्याजवळ. त्याचा खोकला गेला म्हणून
मी तिला तीनदा सांगितलंय,
तीनदा तो खोकला आहे तिथेच होता.

पान शेगडीत टाकलं नाही.
हिशेबाच्या पेन्सिलीने कडेला लिहिलं:
फोन लावण्याआधी त्याने किटली ठेवावी.
पाणी वाजू लागलं की मगच बोलावं.
आईला घराचा आवाज यायला हवा.
चहा प्यायलाच पाहिजे असं नाही.

आणि त्याच्या पिशवीत सरकवून दिलं,
टोपीखाली.

पुढच्या शनिवारी लाकडं ओली होती, धूर फार.
डोळे पुसत बसले होते तेव्हा आत तो वाचत होता.
किटली आली.
नंतर काही म्हणजे काहीच ऐकू येईना,
मास्तरांचा खोकलासुद्धा.
मग ते म्हणाले, "हे कुठून आणलंस?"
गोचा थोडा थांबला.
"शेगडीतून."
सगळे हसले. विनोद वाटला त्यांना.
मी एक लाकूड जास्तच घातलं,
हिशेबात बसणारं नव्हतं.

जाताना तो व्हरांड्यात थांबला,
खिशातून दोन संत्री काढून कट्ट्यावर ठेवली,
बोलला नाही. शिकला म्हणायचा:
वाटलेलं बोलायचं नाही.

आठ वाजता बारीहून फोन येतो.
पावणेआठला मी किटली भरते, काठोकाठ,
म्हणजे उकळायला वेळ लागेल
आणि बराच वेळ वाजत राहील.